संभाजीनगर पायी पाहायचं तर: वेशी, पुरे आणि एन-नंबर, दोन दिवसांत

वेरूळ-अजिंठ्याला निघालेला माणूस या शहरात फक्त झोपायला येतो. स्टेशनवरून रिक्षा, बीबी-का-मकबऱ्यासमोर फोटो, पाणचक्कीला दहा मिनिटं, आणि सकाळी सहाला लेण्यांची गाडी. शहर राहतं ते राहतंच. शहराच्या चार-पाच वस्त्या पायी पाहायला दोन पूर्ण दिवस लागतात. त्याहून कमी वेळ असेल तर खालच्या मार्गांतला एकच निवडून तोच नीट करा.

पाट्यांवर कुठे छत्रपती संभाजीनगर दिसेल, कुठे जुनं औरंगाबाद. पत्ता दोन्ही नावांनी सापडतो. घोळ होतो तो चौकांच्या नावांत. कागदावर महावीर चौक असेल, पण रिक्षावाल्याला 'बाबा पेट्रोल पंप' म्हटल्याशिवाय उमगणार नाही. नकाशातलं नाव सांगून समोरचा गोंधळला, की शेजारच्या पानटपरीवर जुनं नाव विचारून घ्या. वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं.

आधी नावं वाचायला शिका

या शहरात वस्तीचं शेवटचं अक्षर तिचं वय सांगतं. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी राजधानी वसवली. पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहराला त्याचं नाव मिळालं. त्याच्यासोबत आलेल्या सरदारांनी आपापले तळ टाकले, त्यांचेच 'पुरे' झाले. कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा. म्हणजे नावात 'पुरा' आला की तिथे एके काळी छावणी, सरदाराची हवेली आणि तिच्या आसऱ्याने वसलेले कारागीर होते असं समजून चाला.

जुन्या शहराच्या तटाच्या आत धंद्यांची नावं सुरू होतात: कुंभारवाडा, रंगारगल्ली, कासारी बाजार, सराफा, पानदरिबा. सिल्लेखाना म्हणजे सिलहखाना, शस्त्रांचं कोठार. आज तिथे शस्त्र नाही, पण नाव सुटलेलं नाही. 'नगर' आणि 'कॉलनी' म्हणजे हैदराबादच्या निजामाचं राज्य संपल्यानंतरचं, १९४८ नंतरचं शहर. आणि 'एन' अक्षरापुढे नुसता आकडा आला की तुम्ही सिडकोत, म्हणजे सिडको महामंडळाने आखून वसवलेल्या वसाहतीत आहात.

पाचवा प्रकार पर्यटकांच्या नजरेतून सुटतोच: मुकुंदवाडी, गारखेडा, चिकलठाणा, हर्सूल. ही शहराने गिळलेली गावं. मोठ्या रस्त्यावरून ती दिसत नाहीत. कोणालाही 'जुनं गावठाण कुठंय?' विचारून शे-दोनशे पावलं आत गेलात, की मारुतीचं देऊळ, पार, वाड्यांच्या भिंती आणि दोन माणसं जेमतेम जातील अशी गल्ली लागते. समोर पाच मजली इमारत, मागे दावणीला म्हैस, हे तिथे रोजचं आहे.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा यायचंच असेल तर सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर एवढंच चाला. पावसाळ्यात जुन्या शहरातल्या फरशा निसरड्या होतात, पण पाणचक्कीला पाणी भरपूर असतं आणि डोंगर हिरवा दिसतो.

मुक्काम स्टेशन रोड, मध्यवर्ती बसस्थानक किंवा क्रांती चौकाच्या आसपास घ्या. जुन्या शहरातल्या स्वस्त लॉजमध्ये उतरणार असाल तर खोली पाहण्याआधी पाण्याचं विचारा. जायकवाडीचं धरण जवळ असूनही या शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही. लोक टाक्या भरून ठेवतात, टँकर मागवतात. ज्या लॉजची टाकी लहान, तिथे सकाळी आठला अंघोळीचा प्रश्न उभा राहतो.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पटकन काढता येतील अशा चपला किंवा बूट (दर्गा, मंदिर, मशीद, सगळीकडे काढावे लागतात), डोकं झाकायला रुमाल आणि सुटे पैसे ठेवा. लेण्यांसाठी लहान टॉर्च घ्या. मोबाइलचा प्रकाश गर्भगृहातल्या मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत नीट पोचत नाही.

शेअर रिक्षाचं गणित समजून घ्या. जालना रोडवर बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी अशी ती धावते. हात दाखवला की थांबते. मागे तीन माणसं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक टेकलेला. बसण्याआधी 'सीट' म्हणायचं. तसं न म्हणता मागे एकटेच बसलात, तर ती 'स्पेशल' धरली जाते आणि उतरताना भाड्यावरून वाजतं. शहर बससेवा २०१९ पासून चालू आहे. मोठ्या रस्त्यांवर ती बरी, पण तटाच्या आत तिचा उपयोग नाही. तिथे पायच.

पहिला दिवस, सकाळ: वरून खाली

बहुतेक लोक मकबऱ्यापासून सुरुवात करतात. आमचा आग्रह उलटा आहे: आधी डोंगरावर जा. मकबऱ्याच्या उत्तरेला सुमारे तीन किलोमीटरवर बौद्ध लेणी आहेत. उघडल्या उघडल्या पोचलात तर गर्दी नसते, ऊन तिरपं असतं, आणि पायऱ्या चढून गेल्यावर अख्खं शहर पायाखाली पसरलेलं दिसतं. पुढे मकबऱ्याचा पांढरा घुमट, त्याच्या पलीकडे खाम नदीची झाडी, मग दाटीवाटीचं जुनं शहर, आणि पूर्वेकडे सिडको. हा नकाशा एकदा डोळ्यांत बसला की दोन दिवस वाट चुकत नाही.

रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याच्या वेळेसकट. लेण्यांपाशी परतीची रिक्षा मिळेल या भरवशावर गेलेली माणसं उन्हात चालत खाली येतात.

लेण्यांचे दोन मुख्य गट एकमेकांपासून साधारण एक किलोमीटरवर आहेत: पश्चिमेला १ ते ५, पूर्वेला ६ ते ९. तिकीट जपून ठेवा, दुसऱ्या गटाला तेच चालतं. वेळ कमी असेल तर पश्चिमेकडचं ३ आणि पूर्वेकडचं ७ एवढी दोनच पाहा. तीनमध्ये बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष भक्त आहेत. त्यांचे केसांचे अंबाडे, दागिने, ओठांची ठेवण यांत प्रत्येक माणूस वेगळा घडवलाय. सातमध्ये दाराशेजारी अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलेली आहेत: आग, दरोडेखोर, हत्ती, साप, बुडणारं जहाज वगैरे. आत गर्भगृहाच्या डाव्या भिंतीवर नाचणारी स्त्री आणि तिच्या भोवती वाद्यं घेतलेल्या बायका. टॉर्च त्यासाठीच.

उतरताना पहाडसिंगपुऱ्यात सोनेरी महाल लागतो. सतराव्या शतकातला हा बुंदेल्यांचा वाडा. आतल्या सोनेरी चित्रकामावरून नाव पडलं, पण ते चित्रकाम आता थोडंच उरलंय. अर्धा तास पुरे.

मग मकबरा. ताजमहालाची नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकच करावं: चौथऱ्यावर चढून मुख्य भिंतीला हाताच्या अंतरावर उभं राहावं. कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर आहे. त्याच्या वर दगड संपतो आणि घोटीव चुन्याचा गिलावा सुरू होतो, तो थेट घुमटाच्या तळापर्यंत. घुमट पुन्हा संगमरवरी. गिलाव्याच्या आत काळा बेसाल्ट, म्हणजे आपल्याच डोंगराचा दगड. गिलाव्यातली वेलबुट्टी इतकी बारीक आहे की लांबून कोरीव दगडच वाटावा. पण पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथे तो काळवंडतो आणि सुटतो, म्हणून दुरुस्ती कायम चालू दिसते. प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्याने मढवलेल्या दारावर बांधणाऱ्यांची नावं आहेत: अताउल्ला आणि हंसपतराय. ती बघायला कोणी थांबत नाही, सगळे सरळ कारंज्यांकडे पळतात. औरंगजेबाची बायको दिलरसबानू हिची कबर खालच्या पातळीवर आहे. ती वरच्या सज्जातून वाकून पाहायची. कठड्यावर मोबाइल धरताना पट्टा हाताला अडकवा.

पाणचक्की, आणि या शहराचं पाणी

मकबऱ्याहून बेगमपुऱ्यातून चालत पाणचक्कीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रिक्षा नको, कारण बेगमपुरा हीच पाहायची वस्ती आहे. वाटेत खाम नदी आणि तिच्यावरचे दरवाजे येतात. मकई दरवाजा आणि महमूद दरवाजा हे नुसते दरवाजे नाहीत, पूल आणि वेस एकाच बांधकामात आहेत. कमान अरुंद आहे. तिच्यातून वाहन येत असेल तर आत शिरू नका, बाजूला थांबा. फोटोसाठी मध्ये उभं राहणाऱ्यांवर हॉर्न आणि शिव्या दोन्ही पडतात, आणि दोन्ही रास्त असतात.

पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. लोक हौदाकाठी उभं राहून मासे बघतात आणि निघतात. तिथे अर्धा तास काढायचा तो असा:

आधी पाणी येतं कुठून ते पाहा. शहराच्या उत्तरेला साधारण सहा किलोमीटरवरच्या उगमातून ते जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर आणलंय. हौदाच्या कडेच्या उंच भिंतीतून पाणी वर चढतं आणि माथ्यावरून धबधब्यासारखं खाली पडतं. पंप नाही. उगम या भिंतीच्या माथ्याहून उंचावर आहे, म्हणून बंद नळातलं पाणी दाबाने आपली पातळी गाठतं.

मग चक्कीच्या खोलीत जा. वर दगडी जातं दिसतं. त्याला फिरवणारं पातं खाली, आडवं. वरून पडणारी धार त्या पात्यांवर आपटते, दांडा फिरतो आणि जातं चालतं. पाण्याचा आवाज ऐकून दाण्याचा वेग ठरवत असणार, इतका तो जवळून येतो. इथे यात्रेकरू आणि फकिरांसाठी पीठ दळलं जाई.

शेवटी हौदाखालच्या दालनात उतरा. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत आहे. मेमध्ये भर दुपारी आत गेलात तर बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक पहिल्या पावलाला कळतो. उन्हाळ्याच्या अखेरीला धार बारीक होते, कधी चक्की थांबलेली असते. तेव्हा फक्त हे दालन पाहायला जा.

मलिक अंबरने घातलेली नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर चालायची. तिच्या वाटेवरचे विटांचे उंच खांब शहरात अजून इथेतिथे दिसतात. पडक्या चिमणीसारखा खांब मध्येच एखाद्या गल्लीत उभा दिसला तर तो बहुधा त्यातलाच: आत अडकलेली हवा बाहेर सोडायची आणि दाब सांभाळायचा, हे त्याचं काम.

दुपार: नागसेनवन आणि विद्यापीठ

पाणचक्कीच्या अलीकडेच नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय काढलं. तोवर मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. दगडी इमारती, मोठी झाडं, वसतिगृहं: आजूबाजूच्या गजबजाटात ही जागा शांत आहे. परीक्षेच्या दिवसांत आत हिंडू नका. पुढे विद्यापीठाचं प्रवेशद्वार लागतं. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, आणि दरवर्षी त्या दिवशी इथे अफाट गर्दी लोटते. त्या दिवशी आलात तर मकबऱ्याचा बेत सोडा आणि या गर्दीत सामील व्हा. एक वस्ती म्हणून हे शहर काय आहे, ते त्या दिवशी इथे जास्त कळतं.

दुसरा दिवस: तटाच्या आत

इथे वेळ चुकली की सगळं चुकतं. बाजारपेठ अकराच्या आत नीट उघडत नाही. म्हणून इमारती आणि दरवाजे दहाच्या आत पाहायचे, बाजार अकरानंतर.

सातला भडकल दरवाजापासून सुरू करा. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयानंतर १६१२ मध्ये बांधलेला हा दरवाजा शहरातल्या उरलेल्यांत सगळ्यात भारदस्त. औरंगजेबाचा तट आला तो फार नंतर, १६८२ मध्ये, मराठ्यांच्या धास्तीने. लोक 'बावन्न दरवाजांचं शहर' म्हणतात. ते मोजायच्या फंदात पडू नका, मोठे दरवाजे मोजकेच उभे आहेत. इथून आमखास मैदान, जामा मशीद, किलेअर्क, रंगीन दरवाजा करत दिल्ली दरवाजा. अंतर फार नाही, पण थांबत गेलं तर दोन तास जातात. जामा मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून, विचारून जावं. शुक्रवारी दुपारी तर टाळावंच. दिल्ली दरवाजाबाहेर सलीम अली सरोवर आणि हिमायतबाग आहे. हिवाळ्यात पक्षी असतात, दुर्बीण असेल तर इथे एक तास जास्तीचा धरा.

तिथून रिक्षाने पैठण गेटला या आणि पुन्हा चालायला लागा. पैठण गेट, टिळक पथ, गुलमंडी, मछली खडक, सिटी चौक, सराफा, शहागंज, राजाबाजार. सलग चाललात तर पाऊण तास, बघत चाललात तर तीन. गुलमंडीवर सुपारी मारुती आहे. कोणाला भेटायचं असेल तर तीच खूण द्या, चौकात नुसतं 'गुलमंडी' म्हणून भेट होत नाही. इमरती इथेच खा, कढईतून काढलेली. उडदाची असते ती. थंड झाली की तिचा कुरकुरीतपणा जातो, म्हणून घरी न्यायला बांधून घेऊ नका.

मछली खडकपर्यंत दुकानांच्या पाट्या मराठी, सिटी चौकात उर्दू वाढतं, सराफ्यात मारवाडी आडनावं, आणि शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी फळांचे गाडे सगळ्यांना एकाच सुरात हाका मारतात, हिंदीत नाही, मराठीत नाही, इथल्या दख्खनी बोलीत. 'काय भाव?' म्हणा किंवा 'कैसे दिये?', उत्तर सारखंच मिळतं. राजाबाजारात संस्थान गणपती. हा शहराचा ग्रामदेव, अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मुख्य मिरवणूक इथूनच निघते.

दोन गोष्टींत लोक इथे फसतात. एक, हिमरू. खरा हिमरू हातमागावरचा, सूत आणि रेशीम मिळून विणलेला. उलटी बाजू बघा. नक्षीतले न लागणारे धागे मागे मोकळे सुटलेले दिसले पाहिजेत. मागची बाजू पुढच्यासारखीच सपाट असेल तर ती छपाई आहे. 'मशीनचा की मागावरचा' हे सरळ विचारा, प्रामाणिक दुकानदार सांगतो. दुसरी फसगत गाडीची. दुचाकीसुद्धा या भागात आणू नका. पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तुम्ही शहागंज पाहून याल.

जेवणाला नान-खलिया खायचा असेल तर बुढीलेन, जुना बाजार या बाजूला जा. नान इथला वेगळा: ताटाएवढा गोल, फुगीर, वरून हळदीची पिवळसर झाक. भट्टीवाला ओल्या हाताने तो तंदूरच्या भिंतीला थापतो आणि सळईने ओढून काढतो. लगेच खा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला नान वाफेने ओला होतो आणि तासाभरात चामड्यासारखा ओढावा लागतो. खलिया म्हणजे तिखट, तवंगाचा पातळ रस्सा. मटण की मोठ्याचं (म्हशी-रेड्याचं), हे आधी विचारून घ्या. विचारण्यात कोणाला गैर वाटत नाही. शाकाहारी माणसाने औरंगपुऱ्याच्या बाजूला एखादी खाणावळ गाठावी: ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं.

संध्याकाळ: आकड्यांचं शहर

क्रांती चौकातून शेअर रिक्षाने सिडको. क्रांती चौकात दोन मिनिटं थांबा. पूर्वी याला काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना इथे मृत्युदंड दिला होता.

सिडकोत पत्ता शोधण्याची एकच रीत: आधी एन-नंबर, मग सेक्टर किंवा योजना, मग घर. एन-नंबर रांगेत नाहीत. एन-३ आणि एन-४ जालना रोडच्या दक्षिणेला, एन-५ आणि त्यापुढचे उत्तरेला. म्हणून 'चारनंतर पाच, म्हणजे शेजारीच असेल' असं धरून चालणारा माणूस भर वाहतुकीतून रस्ता ओलांडत बसतो. इथली मूळ घरं एकमजली, छोटी होती. आता प्रत्येकावर दोन मजले चढलेत आणि अंगणाच्या जागी मोबाइलचं, नाही तर क्लासचं दुकान. कॅनॉट प्लेसला सातनंतर जा, बाकावर बसा. तटाच्या आत जे धंद्याच्या नावाने गल्लीत वसलं, ते इथे नोकरीच्या नावाने प्लॉटवर वसलंय: शिक्षक, बँकेतले, वाळूजच्या कंपन्यांतले. जालना, बीड, परभणीहून शिकायला आलेली मुलंही इथेच खोली करून राहतात.

दिवस बघून यायचं असेल तर

रविवारी जाफर गेटचा बाजार, गुरुवारी छावणीचा. दोन्ही सकाळी जा. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा, पहाटे गर्दी कमी. रमजानमध्ये शहागंज-सिटी चौक रात्री जागतं, तेव्हा जुन्या शहराची फेरी दुपारऐवजी इफ्तारनंतर करा. आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुराला शहरातून लोक पायी जातात. त्या दिवशी नगर रोडने बाहेर पडायचा बेत असेल तर वेळ दुप्पट धरा.

परतीची बस जालना, बीडकडची असेल तर ती सिडको स्टँडवर मिळते का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. मध्यवर्ती स्थानकापर्यंत उलटं जाऊन, त्याच जालना रोडवरून पुन्हा सिडकोसमोरून जाणारे प्रवासी रोज दिसतात. तिकीट काढताना कंडक्टरला 'सिडको स्टॉप आहे ना?' एवढंच विचारायचं.